दगडावर नसलेली ओळ

आमच्या शाळेच्या गावात एसटी थांब्यासमोर काळ्या ग्रॅनाइटचा एक स्मृतिफलक आहे. स्वातंत्र्यलढ्यात देशानं ज्यांना नेता मानलं, असे एक फार मोठे पुढारी त्या काळी या गावाला येऊन गेले होते, त्याची ती आठवण. फलकावरचा मजकूर माझा आहे. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही, आणि तो खोटा आहे.

मी राहते सांगलीत. कडेगाव तालुक्यातल्या या गावी हायस्कूलला मराठी आणि इतिहास शिकवायला गेली एकोणीस वर्षं एसटीनं जाते-येते. खाली ओढ्याच्या अंगाला ऊस आहे, बागायतदारांची स्लॅबची घरं आहेत. वर माळावर धनगरांची वस्ती आहे. दोन्हीकडची पोरं माझ्या वर्गात एका बाकावर बसतात. मोठी माणसं मात्र एकमेकांच्या दारात फारशी बसत नाहीत.

गावानं फलक लावायचं ठरवलं तेव्हा एक समिती झाली. तिचे अध्यक्ष गावातले मोठे बागायतदार, आमच्या शाळेच्या कारभारातही त्यांचा शब्द चालतो. त्यांच्या आजोबांच्या घरी ते पुढारी उतरले होते, असं गावात सगळेच सांगत. अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मजकूर तुम्हीच लिहायचा. पण नीट माहिती काढून लिहा. उद्या कुणी त्यावर बोट ठेवायला नको."

मला ते काम मिळाल्याचा आनंद झाला होता, हे आधी सांगते. इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं आणि पुसलं. दगडावर राहील असं काही पहिल्यांदाच लिहायला मिळत होतं.

माहिती काढायला मी निघायच्या आधीच एक म्हातारी शाळेत आली. वस्तीवरची. ऐंशीच्या घरातली असावी, पण माळावरून चालत आलेली. शिक्षकखोलीच्या दारात चपला काढून ती उभी राहिली.

"बाई, त्या पुढाऱ्याचं तुमी लिवताय म्हणं. आमच्याकडंबी हाय थोडं. लिवून घेता का?"

मी तिला खुर्ची दिली. ती खाली भिंतीला टेकून बसली. तिनं सांगितलं ते तिच्या सासऱ्याकडून ऐकलेलं होतं. सासरा तेव्हा विशीतला पोरगा. मेंढरं घेऊन माळावर तळ टाकलेला. भर दुपारी एक मोटार चढाला बंद पडली. ड्रायव्हर इंजिनात डोकं घालून बसला, आणि आतून एक माणूस उतरून सावली शोधत हिवराच्या झाडाखाली आला. सासऱ्यानं घोंगडं अंथरलं. तांब्याभर पाणी दिलं, शेळीचं दूध काढून दिलं, फडक्यातली भाकरी पुढं केली. पाहुण्यानं निम्मी खाल्ली आणि निम्मी परत दिली.

"म्हणला, तुमाला ऱ्हाऊ द्या. सासरा सांगायचा, त्यानं मला 'तुमी' म्हणलं. मला जल्मात कुणी 'तुमी' म्हणलं नव्हतं."

दुपार सगळी तो पुढारी तिथं होता. मेंढरं किती, लोकर कुठं विकता, पोरांना शाळा आहे का, असं विचारत होता. मग घोंगड्यावरच झोपला. उन्हं उतरल्यावर मोटार चालू झाली आणि तो खाली गावात गेला. कोण माणूस होता ते सासऱ्याला दुसऱ्या दिवशी बाजारात कळलं.

"अध्यक्षांच्या घरी मुक्काम होता म्हणतात," मी म्हटलं.

"मुक्काम न्हाई वो. च्या पिला आन् गेला. पुढं लोक वाट बगत व्हती त्याची." मग ती म्हणाली, "सासरा गेला तवा मला म्हणला, कवा कुणी लिवाया लागलं तर सांग. म्हणून आले."

मी वहीत सगळं उतरवून घेतलं. पण ऐकीव गोष्टीवर दगड कोरायचा नसतो, हे मीच मुलांना शिकवते. म्हणून एका रविवारी साताऱ्याला गेले. पूर्वी हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता, त्यामुळे जुने कागद तिकडे असतील असा अंदाज होता. एका जुन्या ग्रंथालयात त्या दौऱ्यात पुढाऱ्यांबरोबर फिरलेल्या एका स्वयंसेवकाची हस्तलिखित वही निघाली. तिथं बसणारे गृहस्थ निवृत्त सुभेदार होते. वही टेबलावर ठेवताना त्यांनी आधी टेबल फडक्यानं पुसलं आणि मला म्हणाले, "पानं सावकाश उलटा, मॅडम. आवाज झाला तर समजा फाटलं."

दीड तासानं मला ते पान सापडलं. पेन्सिलीची अक्षरं पुसट झाली होती, पण लागत होती. मोटार माळावर नादुरुस्त झाली, दुपार एका मेंढपाळाच्या तळावर गेली, त्याने दूध-भाकरी दिली, आणि संध्याकाळी गावात अल्प वेळ थांबून पुढे निघालो. मेंढपाळाचं नावही दिलं होतं. म्हातारीनं सांगितलेलं तेच नाव.

मला इतका आनंद झाला की मी सुभेदारांना ते पान वाचून दाखवलं. मोबाइलवर फोटो काढला. परतीच्या एसटीत कऱ्हाड येईपर्यंत मी तो फोटो चार वेळा उघडून पाहिला.

समितीच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. अध्यक्ष शांतपणे ऐकून घेत होते. ते रागावले नाहीत, धमकी तर मुळीच दिली नाही. तसं झालं असतं तर आज मला स्वतःची समजूत घालायला काहीतरी मिळालं असतं. ते एवढंच म्हणाले, "असेल, बाई. मी नाही म्हणत नाही. पण माळावर दगड बघायला कोण जाणार? फलक थांब्यासमोर लागणार, आमच्या घराच्या भिंतीला. मग त्यावर माळाचं लिहून कसं चालेल? आणि कलेक्टरसाहेबांना आपण या घराचं सांगून बसलोय. तुम्ही जाणत्या आहात, बघा."

मी बघितलं. घरी येऊन टेबलाशी बसले. सांगलीत मशीनवर अक्षरं कोरून देणाऱ्या कारागिरानं सांगून ठेवलं होतं, या मापात नऊच ओळी बसतील. मी नऊ ओळी लिहिल्या. थोर नेते या गावी आले, याच घरी त्यांनी विश्रांती घेतली, ग्रामस्थांशी हितगुज केले. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: 'त्यांच्या पदस्पर्शाने ही भूमी पावन झाली. त्यांच्या स्मृतीस हे गाव कृतज्ञतापूर्वक वंदन करीत आहे.'

मेंढपाळाची ओळ घालायला जागा नव्हती, असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले. जागा होती. पावन झालेली भूमी काढली असती तर तो माणूस त्याच्या नावासकट बसला असता. पण ते वाक्य मला फार आवडलं होतं. वाचून दाखवलं तेव्हा समितीतल्या सगळ्यांनी मान डोलवली होती.

अनावरणाला मांडव पडला, लाऊडस्पीकर लागला, मला शाल मिळाली. कार्यक्रम संपला आणि माणसं जेवणाकडे वळली तेव्हा म्हातारी फलकासमोर उभी दिसली. नवं लुगडं नेसून आली होती. मी तोंड चुकवून जाणार, एवढ्यात तिनं हाक मारली.

"आवं बाई, मला वाचाया येत न्हाई. जरा वाचून दावा की."

आजूबाजूला कुणी नव्हतं. मी वाचायला लागले. पहिल्या तीन ओळी जशा होत्या तशा वाचल्या. 'याच घरी' हे शब्द आले आणि तिथं माझ्या तोंडून वेगळंच निघालं. "या गावच्या माळावर एका मेंढपाळाच्या तळावर त्यांनी दुपारची विश्रांती घेतली. त्या मेंढपाळाने त्यांना दूध-भाकरी दिली." मी दगडावर बोट फिरवत होते. बोटाखाली अक्षरं एक होती आणि तोंडात दुसरी.

"नाव हाय का त्यांचं?" तिनं विचारलं.

"आहे."

"कुठशी?"

मी एका शब्दावर बोट ठेवलं. तो शब्द 'हितगुज' होता. तिनं त्यावर तळहात टेकला, मग तोच हात कपाळाला लावला. मला म्हणाली, "तुमचं लय भलं हुईल." मी जेवायला न थांबता सांगलीची एसटी पकडली.

तिला वाईट वाटू नये म्हणून मी तसं वाचलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. पुढं विचार करता करता उमगलं, की तिच्यासमोर उभं राहून नाही म्हणायचं धाडस मला झालं नाही, इतकंच ते होतं.

सात-आठ महिने गेले. म्हातारी बाजाराच्या दिवशी रस्त्यात दिसली तर मी नमस्कार करून पुढं सरकायची. ती हसायची. एकदा तिनं कुणाकडून तरी माझ्यासाठी खरवस पाठवला. आमच्या घरी सगळ्यांनी खाल्ला. मी डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडले.

मग एका दुपारी सांगलीच्या माझ्या घराची बेल वाजली. दारात म्हातारीचा नातू उभा होता, पाठीवर फौजेची मोठी हिरवी बॅग. माझाच विद्यार्थी, पाचएक वर्षांपूर्वी भरती झालेला. सुट्टी संपवून परत निघाला होता. गाडीला तीन तास अवकाश होता. मी चहा ठेवायला उठले तर म्हणाला, "च्या नको, बाई. एक बोलायचं हाय. बसा तुमी."

मी बसले.

"आल्याच्या दुसऱ्या दिवशी आजीनं मला फलकापाशी नेलं. म्हणली, वाच. मी आपला वाचाय लागलो. दोन ओळी वाचल्या आन् ती माझ्या तोंडाकडं बगाय लागली, की आता पणज्याचं नाव येतंय. मला पुढं दिसतंय ते वेगळंच. मग ती म्हणली, थांबलास का? बाईंनी तर घडाघडा वाचलं."

मी त्याच्या हिरव्या बॅगेकडं बघत राहिले.

"मीबी वाचलं, बाई. जे न्हाई ते वाचलं. ती खूश झाली. मग ह्या सुट्टीत चार येळा नेलं तिनं मला. पावण्यांना घेऊन आली, त्यांच्यासमूर वाचाय लावलं. त्यातल्या एकाला वाचाय येत हुतं. तो माझ्याकडं बघून गप ऱ्हायला." त्यानं मान खाली घातली. "वाचायला तुमीच शिकवलं आमाला. म्हणून तुमाला सांगाय आलो. पुढच्या सुट्टीला मी न्हाई वाचणार."

त्याचा आवाज चढला नव्हता. जाताना पायाही पडला. मी पाय मागं घेतले, तरी पडला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी माळ चढून वस्तीवर गेले. इतक्या वर्षांत मी तिथं एकदाही गेले नव्हते. म्हातारी दारात लसूण सोलत बसली होती. मला बघून तिनं सुनेला हाक मारली, पाट टाकायला लावला. सून पाणी ठेवून आत गेली. मी पाण्याला हात लावला नाही.

"आजी, मी तुम्हाला खोटं वाचून दाखवलं. दगडावर तुमच्या सासऱ्यांचं काही नाही. माळाचंही नाही."

तिचे हात लसणावर थांबले. मग तिनं जे विचारलं त्याची माझी तयारी नव्हती.

"मग काय लिवलंय?"

मला पाठ होतं. मी नऊच्या नऊ ओळी म्हणून दाखवल्या. पदस्पर्शानं पावन झालेल्या भूमीपर्यंत आले तेव्हा माझा आवाज अडखळला, पण मी शेवटपर्यंत म्हटलं.

"चांगलं लिवलंय," ती म्हणाली. "कुणी लिवलं?"

"मी."

"तुमाला सासऱ्याचं खरं वाटलं नव्हतं व्हय?"

"वाटलं होतं. साताऱ्याला जुन्या वहीत लिहिलेलंही सापडलं. नावासकट." मी मोबाइल काढून तिला तो फोटो दाखवला. तिला त्यातलं काही वाचता येणार नव्हतं, हे फोन पुढं केल्यावर माझ्या ध्यानात आलं. आता मी यात नाव आहे म्हणून सांगणार आणि तिनं ते मानायचं, अशी वेळ मीच आणली होती. तिनं फोनकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि फोन हातात घेतला नाही.

मग ती हळूहळू बोलायला लागली, माझ्याशी नव्हे तर आठवून आठवून स्वतःशीच बोलल्यासारखी. बाजारात मिरचीवाल्या बायकांना तिनं सांगितलं होतं, आमच्या मामंजींचं नाव दगडावर हाय. तेव्हा त्या एकमेकींकडं बघून हसल्या होत्या. पिठाच्या गिरणीत सांगितलं होतं, तिथं एक पोरगी तोंडाला पदर लावून बाहेर गेली होती. दवाखान्यात नंबर लावून बसली असताना सांगितलं होतं.

"मला वाटायचं, धनगराचं नाव लागलं म्हणून हसत्यात. जळत्यात. म्हणून मी आणिक जोरात सांगायची." तिनं सुपातल्या पाकळ्या बोटांनी एका बाजूला सारल्या. "खुळी म्हातारी म्हणत असतील न्हवं?"

मी माफी मागितली. ती पुढचा लसूण सोलायला लागली. मी म्हटलं, मी समितीकडं अर्ज करते, मजकूर बदलायला लावते.

"ते तुमचं तुमी बगा. तुमी लिवलंय." मग माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, "माझ्यासाठी काय करणार आसला, तर सोमवारी बाजारात माझ्यासंगं चला. मी कुणाकुणाला सांगितलंय ते मला ठाव हाय. त्यांच्यासमूर तुमच्या तोंडानं सांगा, म्हातारी लबाड बोलली न्हाई, मी तिला लबाड वाचून दावलं."

सोमवारी मी शाळेतून दुपारची रजा काढली. अंगावर मांडवात मिळालेल्या शालीसारखं झाकायला काही नव्हतं. ती पुढं आणि मी तिच्या मागं, अशा आम्ही मिरचीच्या रांगेपासून सुरुवात केली. बाई बाजारात आल्या म्हणून आधी सगळ्या अदबीनं उठल्या. मी सांगायला लागले तशा त्या खाली बघायला लागल्या. "फलकावर काय लिहिलंय ते मला माहीत होतं. आजींना मी वेगळं वाचून दाखवलं. त्यांनी सांगितलेली हकीकत खरी आहे, ती दगडावर घातली नाही ती मी." एकीनं मिरच्या उगाचच खालवर केल्या. दुसरी म्हणाली, "जाऊ द्या, बाई, एवढं काय त्यात." म्हातारी तिला म्हणाली, "तुला न्हाई काय त्यात. मला हाय."

गिरणीत तेच सांगितलं. चक्कीच्या आवाजात ऐकू येईना म्हणून गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला आणि त्या शांततेत मला ते पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. माझे दोन माजी विद्यार्थी डबे घेऊन उभे होते. दवाखान्यात कंपाउंडरला सांगितलं. सगळं मिळून पाऊण तास लागला असेल. शेवटी ती म्हणाली, "झालं. जावा तुमी, तुमची एसटी जाईल." माझ्याकडं न बघता ती कांद्याच्या ढिगाकडं वळली.

त्या दिवसानंतर ती भेटली की नमस्कार घेते. जास्त बोलत नाही. तिनं मला माफ केलंय का, हे मी विचारलेलं नाही. विचारलं तर तिला पुन्हा माझीच समजूत काढावी लागेल.

समितीकडं मी अर्ज दिला, वहीतल्या पानाची प्रत जोडून. अध्यक्ष वाचून म्हणाले, "बाई, कारागिराला दिलेल्या मजकुराखाली मंजुरीची सही तुमचीच आहे. आता तुम्हीच खोटा म्हणताय. लोक काय समजायचे?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दुसरा अर्ज तालुक्याला दिला, तिसरा जिल्ह्याला. पोच मिळाली आहे. वर्गात ही हकीकत मी खरी तशी सांगते, माझ्या वाट्याची चूकही सांगते. मुलं ती परीक्षेला येणार का, एवढं विचारतात.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी एसटीतून उतरले तर फलकासमोर दुसऱ्या कुठल्या शाळेची सहल थांबली होती. तीसेक मुलं वह्या गुडघ्यावर धरून मजकूर उतरवून घेत होती. मी त्यांच्या सरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, मोबाइलमधला फोटोही दाखवला. तरुण मुलगा होता, मनापासून ऐकून घेतलं त्यानं. "खूपच वेगळी माहिती दिलीत, मॅडम," म्हणाला. मग घड्याळ बघून मुलांकडं वळला, "चला, आवरा लवकर. फलकावर आहे तसंच लिहा, शुद्धलेखन सांभाळून."

मागच्या रांगेतल्या एका मुलीला शेवटून दुसरी ओळ नीट दिसत नव्हती. तिनं मला विचारलं, "बाई, भूमी काय झाली? पावन का?"

मी म्हटलं, "हो. पावन." आणि तिनं ते लिहून घेतलं.